ग्राहक वस्तू ऑनलाइन घेतो आणि जोडायला माझ्याकडे आणतो. डिजिटल घराच्या कामात उतरू का?

काउंटरवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर विकायचं आणि दुरुस्तीचं काम मी १४ वर्षं करतोय. वस्तू आणायची, थोडं मार्जिन ठेवून विकायची, बिघडली तर दुरुस्तीचे पैसे वेगळे, एवढंच गणित. त्यातलं विकण्याचं अंग आता सुकत चाललंय. माणूस येतो, राउटर हातात घेऊन बघतो, दहा प्रश्न विचारतो, मॉडेल नंबरचा फोटो काढतो आणि जातो. चार दिवसांनी तोच राउटर ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातून माझ्या काउंटरवर येतो. "दादा, एवढं चालू करून द्या ना."

मी नाही म्हणत नाही, कारण ते काम मला मनापासून आवडतं. पण हल्ली राउटरच्या पाठोपाठ बाकीचं घरही येऊ लागलंय: स्मार्ट प्लग, दाराची व्हिडिओ बेल, कॅमेरे, आवाजावर चालणारा स्पीकर, फरशी पुसणारा रोबो. गेल्या दोन महिन्यांत अशी ७ घरं केली. सहा नीट झाली. सातव्यानं मात्र माझी झोप उडवलीय.

तीन मजली घर. राउटर तळमजल्यावर टीव्हीच्या मागे. वरच्या मजल्यावर कॅमेरा, त्याच्यासाठी मधल्या मजल्यावर एक मेश युनिट, म्हणजे राउटरचं वाय-फाय पुढे पोचवणारा डबा. दिवसभर कॅमेरा व्यवस्थित चालतो. रात्री कधीतरी बंद पडतो, तो सकाळी राउटर बंद-चालू केल्याशिवाय परत येत नाही. मी तीन फेऱ्या मारल्या, एकदा रात्री साडेदहापर्यंत बसलो. सिग्नल चांगला, इंटरनेट चालू, त्याच वाय-फायवर मोबाइल मस्त चालतोय. कॅमेरा मी विकलेला नाही, मेशही नाही. तरी घरच्यांच्या लेखी 'तुम्ही बसवलेला कॅमेरा चालत नाही' असंच आहे. तीन फेऱ्यांचे पैसे मागायला माझी जीभ उचलली नाही.

म्हणून विचारतो. या कामात पूर्णपणे उतरावं का? उतरलो तर दुकानात माल काय ठेवायचा? आणि दुसरीकडून घेतलेली वस्तू जोडून देताना आपल्या वेळेचे पैसे कसे लावायचे? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगावं, ही विनंती.

जुनाजाणता

मी केलं आणि सोडलं, म्हणून लिहितोय.

९ घरांमध्ये मी एकाच कंपनीचा हब बसवला होता. नाव घेत नाही. वस्तू चांगली होती, मार्जिनही बरं होतं. दिवे, पडदे, दाराचे सेन्सर सगळं त्या हबमधून चालायचं आणि हब चालायचा कंपनीच्या सर्व्हरवर. एक दिवस कंपनीनं सेवा बंद करत असल्याचा ईमेल पाठवला. तो ईमेल ग्राहकांपैकी कुणी वाचलाच नाही. ज्या दिवशी सर्व्हर बंद झाला त्या दिवशी नऊच्या नऊ घरांमधून फोन आले, कंपनीला नाही, मला. एका घरात आजोबांच्या खोलीतला रात्रीचा दिवा त्या हबवर होता. तो अंधार मी विकलेला होता, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा हब गूगलच्या नेस्टनं २०१४ मध्ये विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातला चांगला चालता हब निरुपयोगी झाला. इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले. पुढे तिच्याच काही जुन्या ग्राहकांनी ती विकत घेऊन पुन्हा सुरू केली म्हणून निभावलं.

मी नऊ घरांचं काम मजुरी न घेता बदलून दिलं आणि थांबलो. तुम्ही दुरुस्तीत पक्के दिसता. दुरुस्तीच करा.

पॅचपॅनल

वरच्या दादांनी जे सोसलं आणि त्यानंतर जे केलं, त्याबद्दल मला फार आदर वाटतो. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मी काढणार नाही. मी १६ वर्षं घरांमधलं नेटवर्क बसवते. सुरुवात तुमच्यासारखीच, काउंटरवरून. आता माझ्या कामात वस्तू विकण्याचा वाटा फार थोडा आहे, आणि ते मी ठरवून केलंय.

आधी तुमचा कॅमेरा. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं (वाय-फायच्या पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ चा) चॅनेल 'ऑटो'वर आहे का बघा. बरेच राउटर रात्री गर्दी कमी असताना स्वतःहून चॅनेल बदलतात. या पट्ट्यात बहुतेक देशांत १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण उत्तर अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणं ११ च्या पुढे बघतच नाहीत. राउटर १२ किंवा १३ वर गेला की मोबाइलला फरक पडत नाही, त्याला सगळी चॅनेलं दिसतात आणि तो ५ गिगाहर्ट्झवरही जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं मात्र तुमचं वाय-फाय घरातून नाहीसं झालेलं असतं. सकाळी राउटर बंद-चालू केला की तो परत खालच्या चॅनेलवर येतो आणि कॅमेरा सापडतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्कं करा. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये देश कोणता निवडलाय तेही बघा. दोन रात्री वाट बघून इथे सांगा.

आता धंद्याचं. तुमचं दुखणं मला असं दिसतं: तुम्ही घराची जबाबदारी घेतलीत, पण पैसे वस्तूच्या हिशोबानं लावायला गेलात. वस्तू तर तुम्ही विकलीच नव्हती, मग पैसे कशाचे मागणार? म्हणून जीभ उचलली नाही. ऑनलाइन विकणाऱ्याकडे कितीही माल असो, त्याला ते घर दिसत नाही. कुठली भिंत जाड आहे, कुठल्या खोलीचं दार रात्री बंद असतं, आरशाचं मोठं कपाट कुठे आहे, आजी कुठे झोपतात, हे त्याला कळायचा मार्ग नाही. तुम्ही आत जाऊन बघू शकता. त्या बघण्याचेच पैसे लावा.

मी पहिली भेट फक्त पाहणीसाठी ठेवते. वस्तू नेत नाही, काही जोडत नाही. पाहणीची फी आधी सांगते. पुढे काम मिळालं तर ती बिलातून वजा करते. एक कोरा कागद घेऊन घराचा नकाशा हातानं काढते आणि प्रत्येक खोलीत मोबाइलवर वाय-फायची ताकद मोजते. ती डीबीएममध्ये उणे आकड्यात दिसते, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त. उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं चालतो. उणे ७५ च्या आसपास कटकटी सुरू होतात. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, हे ग्राहकाला सांगितलं की 'दोनच कांड्या कमी आहेत' या बोलण्यातला फरक त्याला कळतो. मोजताना दारं बंद ठेवा. उघड्या दारानं मोजून मी एकदा चांगलीच फसले: दिवसा सगळं छान, आणि रात्री मुलीची खोली बंद झाली की तिचा ऑनलाइन वर्ग तुटायचा.

दहापैकी सात घरांत पहिली सुधारणा एकही नवी वस्तू न घेता होते, हा माझा अनुभव. राउटर टीव्हीच्या मागून काढायचा. टीव्हीचा मागचा भाग म्हणजे धातूचा पत्रा, त्याच्याआड राउटर ठेवणं म्हणजे दिवा कपाटात ठेवून खोलीत उजेड मागणं. तुमच्या सातव्या घरातही राउटर तिथेच आहे, म्हणून आवर्जून लिहिलं. अशा वेळी ग्राहकाला 'नवं काही घेऊ नका' म्हणायला धाडस लागतं. पण जे घर मी असं न विकता सुधारलं, तिथूनच मला पुढची कामं आली.

दुसरी सुधारणा वायर. बिनतारी घर चांगलं चालायला आत तार लागते, हे मी प्रत्येकाला समजावते. मेश युनिट एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर ज्या रेडिओवर मोबाइलला सेवा द्यायची त्याच रेडिओवरून मागची वाहतूकही होते आणि वेग जवळपास निम्म्यावर येतो, निदान दोनच पट्ट्यांच्या स्वस्त युनिटमध्ये तरी. प्रत्येक मजल्यावर एक कॅट ६ केबल पोचवली की हा प्रश्नच मिटतो. १०० मीटरची मर्यादा घरात कधी येत नाही. भिंती फोडायच्या नसतील तर टीव्हीची जुनी कोअक्स केबल शोधा; दोन टोकांना मोका ॲडॅप्टर लावले की तिच्यावरून नेटवर्क उत्तम जातं. हे काम खोक्यातून घरपोच मिळत नाही. केबल ओढायला माणूसच लागतो.

तिसरी गोष्ट, हिशोब करून दाखवा. एका घरी ४ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क आधीच आणून ठेवलेली होती, 'महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील' असं वाचून. मी त्यांच्यासमोर कागदावर मांडलं. एक कॅमेरा ४ एमबीपीएसनं सतत लिहीत राहिला तर दिवसाला ४३ जीबी. चारांचे १७३. म्हणजे डिस्क साडेअकरा दिवसांत भरणार आणि जुनं पुसलं जाणार. त्या बाई दोन आठवडे गावाला जाणार होत्या, नेमकं त्यासाठीच हे सगळं चाललेलं. मग फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं लावलं, एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत दाबून ठेवायची पद्धत) चालू केलं, आणि तीच डिस्क पुरली. मी काही विकलं नाही, पण त्या दिवसापासून त्या घरात काहीही घ्यायचं झालं की आधी मला फोन येतो. आणि आता वस्तूही बहुतेक माझ्याकडूनच घेतात.

दुसरीकडून आणलेल्या वस्तूबद्दल माझा नियम: तासाचा दर, आधी सांगितलेला आणि लिहून दिलेला. जोडणीत चूक निघाली तर ३० दिवसांत फुकट येईन. वस्तू बिघडली तर ती बदलून आणायचं काम तुमचं. हे बोलताना पहिल्यांदा मलाही अवघडल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या घरापासून सवय झाली.

तांब्याचीतार

मी विजेचं काम करतो. ताईंनी वाय-फायचं सगळं सांगितलं, मी भिंतीच्या आतलं सांगतो. स्मार्ट स्विच विकायच्या आधी एक बोर्ड उघडून बघितलाच पाहिजे.

जुन्या वायरिंगमध्ये स्विचच्या डब्यात बऱ्याच वेळा फेज आणि दिव्याकडे जाणारी तार, एवढ्या दोनच असतात. न्यूट्रल थेट दिव्यापाशी गेलेली असते. स्मार्ट स्विचला मात्र दिवा बंद असतानाही स्वतः जागं राहायला वीज लागते, म्हणून बहुतेकांना न्यूट्रल हवी. ती नसलेलेही स्विच मिळतात, पण ते आपल्यापुरता थोडा करंट दिव्यातूनच ओढतात. जुन्या पिवळ्या बल्बला ते कळायचं नाही. आताचा ५-७ वॅटचा एलईडी त्या करंटवर मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग ग्राहक बल्ब बदलतो, स्विच बदलतो, शेवटी माणूस बदलतो.

डब्याची खोलीही मोजा. मागे जागा नसेल तर तारा दाबून बसवल्या जातात आणि जोड गरम होतात. मी असे काळे पडलेले जोड काढलेत. आणि कृपा करून हे काम स्वतः करू नका, कितीही सोपं वाटलं तरी. परवाना असलेला माणूस बरोबर घ्या, त्याचं बिल वेगळं दाखवा. आम्हालाही तुमच्यासारख्या माणसाची गरज असते. ॲपमध्ये स्विचला नाव द्यायचं, स्पीकरशी जोडायचं, यात आमचा अर्धा दिवस जातो आणि ते आम्हाला नीट येतही नाही.

काउंटरवाला

पाच रात्री झाल्या. कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. चॅनेल 'ऑटो'वरच होतं आणि राउटरच्या नोंदीत रात्री १३ वर गेल्याचं स्पष्ट दिसलं. पॅचपॅनल ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. राउटरही टीव्हीमागून काढून बाजूच्या कपाटावर ठेवला, मधल्या मजल्यावर ९ डीबीचा फरक पडला. घरातल्या काकांनी स्वतःहून विचारलं, "तुमचे किती झाले?" आणि मी पहिल्यांदा न चाचरता सांगितलं.

पण जुनाजाणता दादांची गोष्ट डोक्यातून जात नाही. उद्या कंपनीनं सर्व्हर बंद केला तर? माल निवडताना काय बघायचं? आणि विकल्यानंतरचे फोन कसे आवरता? मला आत्ताच रविवारी तीन-तीन येतात.

पॅचपॅनल

कॅमेऱ्याचं ऐकून फार बरं वाटलं.

माल निवडायची माझी एकच कसोटी आहे, बाकी सगळं तिच्यानंतर. नवीन वस्तू आधी माझ्या टेबलावर एक महिना चालते. त्या महिन्यात एकदा राउटरची इंटरनेटची केबल काढून टाकते, वाय-फाय चालू ठेवते आणि बटण दाबते. दिवा लागला तर ती वस्तू घरातल्या घरात चालते. नाही लागला तर ती कुणाच्या तरी दूरच्या सर्व्हरच्या भरवशावर आहे. अशी वस्तू मी विकतच नाही असं नाही, पण दिवा, कुलूप, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या खोलीतलं काहीही तिच्यावर सोपवत नाही. शिवाय भिंतीवरचं साधं बटण चालू राहिलं पाहिजे. ॲप बंद, इंटरनेट बंद, तरी हात लावला की दिवा लागला पाहिजे.

मॅटरबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून ठरवलेल्या सामाईक पद्धतीबद्दल, विचारलं नाहीत तरी सांगते, कारण ग्राहक आता खोक्यावरचं चिन्ह दाखवून विचारतात. कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्सनं (पूर्वीची झिगबी अलायन्स) ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत. आपल्यासाठी त्यातलं महत्त्वाचं हे की मॅटर घरातल्या नेटवर्कवरच चालतं आणि एकच वस्तू एकाच वेळी दोन कंपन्यांच्या ॲपमध्ये जोडता येते. नवऱ्याचा फोन एका कंपनीचा, बायकोचा दुसऱ्या, ही भांडणं त्यानं खरंच कमी झाली. पण चिन्ह आहे म्हणजे सगळं जमेल असं समजू नका. वस्तूतल्या काही खास सोयी अजूनही मूळ कंपनीच्याच ॲपमध्ये सापडतात. काही वस्तू वाय-फायवर चालतात आणि काही थ्रेडवर, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या बिनतारी जाळ्यावर. थ्रेडवाल्यांना ते जाळं घरच्या नेटवर्कशी जोडणारा बॉर्डर राउटर लागतो, तो बहुधा एखाद्या स्पीकरमध्ये किंवा टीव्हीच्या डब्यात दडलेला असतो. घरात दोन कंपन्यांचे दोन असले तर कधीकधी दोन वेगळी थ्रेड जाळी तयार होतात आणि सेन्सर चुकीच्या जाळ्यात अडकून तुटत राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये थ्रेड १.४ आलं ते मुख्यतः हे जुळवून घेण्यासाठी, पण ते अपडेट त्या-त्या उपकरणात पोचलंय का हे बघावं लागतं. हे सगळं ग्राहकानं शिकावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. म्हणून तर आपण.

आता जे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते. घराचं खातं घरच्यांच्याच ईमेलवर उघडा. सुरुवातीला मी सोय म्हणून माझ्याच ईमेलवर पाच घरं जोडली होती. एका रात्री चुकून दुसऱ्याच घराचा कॅमेरा माझ्या फोनवर उघडला, त्यांचं स्वयंपाकघर, त्या ताई पाठमोऱ्या काम करत होत्या. मी फोन बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी पाचही घरांत जाऊन खाती बदलून दिली, कारण सांगून, माफी मागून. आपल्याला लोक घरात घेतात, ही फार मोठी गोष्ट आहे. काम संपलं की मी त्यांच्यासमोर माझा प्रवेश काढून टाकते आणि ॲपमध्ये सदस्यांची यादी उघडून दाखवते. घर विकलं, भाडेकरू बदलला, घरातलं कुणी वेगळं झालं, तर ही यादी आधी तपासा, हे लिहून देते. हा सल्ला कुठल्याच खोक्यात येत नाही.

पासवर्डचंही तसंच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले ठराविक पासवर्ड वापरून, साठ-बासष्ट जोड्यांची यादी, एवढंच त्याचं हत्यार. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या जोरावर डाइन या कंपनीवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) हल्ला झाला आणि कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. ते कॅमेरे कुणीतरी बसवले होते, आपल्यासारख्याच कुणीतरी, आणि पासवर्ड तसाच ठेवून घरी गेले होते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना सारखाच पासवर्ड असलेली वस्तू विकायला बंदी आहे, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील तेही सांगावं लागतं. तुमच्याकडे कायदा काही असो, पुरवठादाराला हे दोन प्रश्न विचारायला सुरुवात करा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा माल मी ठेवत नाही.

रविवारचे फोन. मी एक वही ठेवली होती, ४० फोन होईपर्यंत लिहीत गेले. निम्म्याहून जास्त एकाच कारणाचे निघाले: इंटरनेट कंपनीचा माणूस आला, राउटर बदलून गेला, वाय-फायचं नाव बदललं, सगळं घर बंद. आता प्रत्येक घराच्या कागदावर ठळक लिहिते, 'राउटर बदलला तर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड हाच ठेवायला सांगा.' बहुतेक सगळी उपकरणं आपोआप परत येतात. दुसरं मोठं कारण, नवीन वस्तू जोडताना मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर आणि वस्तू फक्त २.४ ची. त्यासाठी घरोघरी २.४ चं वेगळं नाव काढून ठेवते. या दोन गोष्टींनी फोन खूप कमी झाले. उरलेल्यांसाठी वार्षिक देखभालीचा करार: वर्षातून दोन भेटी, फर्मवेअर अपडेट, बॅटऱ्या बदलणं, फोनवर मदत कामाच्या वेळात. रविवारी फक्त कुलूप किंवा आजारी माणसाच्या खोलीचं काही असेल तरच उचलते, आणि ते करारातच लिहिलंय. माझं महिन्याचं घर आता या करारांवर चालतं. एखाद्या महिन्यात वस्तू कमी विकल्या गेल्या तर मला पूर्वीसारखी धडकी भरत नाही.

जुनाजाणता

ताई, इंटरनेटची केबल काढून बटण दाबायचं, ही एक गोष्ट मी तेव्हा केली असती तर तो हब एकाही घरात गेला नसता. माझा 'दुरुस्तीच करा' हा सल्ला मागे घेतो. काउंटरवाले, माझ्याकडे जुन्या झिगबी (थ्रेडसारखंच एक बिनतारी जाळं) सेन्सरांची आणि बटणांची एक पेटी पडून आहे. ती झिगबी चालणाऱ्या कुठल्याही खुल्या हबला जोडली जातात, सर्व्हर लागत नाही. शिकायला हवी असतील तर पाठवतो, पैसे नकोत.

काउंटरवाला

दादा, नक्की हवीत. व्यक्तिगत निरोप केलाय.

पहिली ठरवून केलेली पाहणी आज झाली, त्याच तीन मजली घराच्या शेजाऱ्यांकडे. फी आधी सांगितली, त्यांनी लगेच 'हो' म्हटलं. कागदावर नकाशा काढला, दारं बंद करून मोजलं. वरची अभ्यासाची खोली उणे ७९. तिथे त्यांचा मुलगा घरून काम करतो. जिन्याखाली एक बंद डबा सापडला, त्यातून वर जाणारा पाइप आहे, पण आत जुनी टेलिफोनची तार आहे. वरच्या खोलीत तिचं दुसरं टोकही मिळालं. तीच तार बांधून कॅट ६ वर ओढता येईल का?

तांब्याचीतार

येईल, आधी तार मोकळी आहे का बघा. दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. वरच्यानं हळू ओढायचं, खालच्यानं तार हलते का बघायचं. हलली तर रस्ता मोकळा. अडकली तर जोर लावू नका, तुटली की पाइपही गेला. मधे कुठेतरी वळणाचा डबा असेल, तो शोधून उघडा.

पॅचपॅनल

आणि कॅट ६ च्या जोडीला एक नायलॉनची दोरीही बांधा. केबल वर पोचली की दोरी पाइपात तशीच राहू द्या, दोन्ही टोकांना गाठ मारून. पुढच्या वेळी तिथे दुसरी केबल लागेल तेव्हा तुम्हाला किंवा तुमच्यानंतर येणाऱ्याला ती मिळेल.